आवारातला माळ



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, सहकार, पाणी असे भारदस्त विषय झाले. माझा विषय त्या मानाने पायाखालचा आहे. कॉलेजच्या आवारातून डोंगराकडे जाणारी पायवाट आणि तिच्या दोन्ही अंगांना जे उगवते, सडते, सरपटते आणि उडते, त्याबद्दल मला बोलायचे आहे. मी गौताळ्याच्या जंगलावर किंवा जायकवाडीच्या पक्ष्यांवर बोलेन, असा संयोजकांचा समज होता. दोन्ही ठिकाणांना १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि तिथे जायला गाडी लागते. माझा विषय चपला घालून गाठता येतो.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातली शिक्षणाची मोठी आवारे डोंगराच्या पायथ्याशी, उघड्या माळावर वसली हे आपले भाग्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय आणि तो सगळा परिसर म्हणजे नागसेनवन. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १४ जानेवारी १९९४ला त्याच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. विद्यापीठाची जमीन ७०० एकरांच्या पुढे आहे. मागे डोंगर, डोंगरात सहाव्या-सातव्या शतकातली बौद्ध लेणी, पायथ्याला सोनेरी महाल, शेजारी हनुमान टेकडी आणि गोगाबाबा. पुण्या-मुंबईच्या किती कॉलेजांना असा शेजार लाभला असेल?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. या आवारांतली सर्वांत मोलाची जागा कोणती असेल, तर जिला आपण पडीक म्हणतो ती. बाग नव्हे, हिरवळ नव्हे, वृक्षारोपणाची पाटी लावलेली जागाही नव्हे. बरड, मुरमाड, गवताळ माळ.

या माळाच्या खाली काळा पाषाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, तोच हा दख्खनचा दगड; लेणी कोरली ती ह्यातच. त्यावर मुरूम, मुरमावर मातीचा पातळसा थर. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत आणि त्यातही मधे मोठी उघडीप. अशा जागी उंच, दाट झाडी वाढत नाही. वाढते ते गवत. पवन्या, मारवेल, कुसळी. अधूनमधून हिवर, बोर, पळस, आपटा. डोंगराच्या उतारावर सालई, मोई, धावडा. हे रूप म्हणजे कुठल्या तरी जंगलाचे उरलेले भग्नावशेष आहेत, असे शिकवले जाते. काही जागी ते खरेही असेल. पण उथळ मातीचा माळ हा स्वतःच एक पूर्ण, पुरातन वस्तीचा प्रकार आहे, हे मान्य करायला आपण तयार नसतो.

कुसळीचेच पाहा. भाद्रपद-आश्विनानंतर जो कोणी या वाटेने गेला आहे त्याच्या पायजम्याला तिने टोचलेले आहे. त्या बीजाला मागे लांब, पीळ पडलेली शेपटी असते. रात्रीच्या दमटपणाने पीळ सुटतो, दिवसाच्या उन्हाने पुन्हा बसतो, आणि या वळण्या-उलगडण्यात टोकदार बी स्वतःला जमिनीत घुसवत जाते. मोटार नाही, मजूर नाही. वनस्पतीचा मेलेला, वाळलेला भाग नुसत्या हवेच्या ओलीवर काम करतो आहे. भौतिकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने आपला तास इथे घ्यायला हरकत नाही.

जमिनीखालीही माळाचे बरेच भांडवल असते. रानकांदा ऐन उन्हाळ्यात, एक पान नसताना, नुसता फुलांचा दांडा वर काढतो. पाने पाऊस पडल्यावर. काळी मुसळी, पांढरी मुसळी, कंदिलपुष्प यांचेही तसेच. आठ महिने कंद होऊन झोपायचे आणि पावसात संसार उरकायचा. कंदिलपुष्पाची नळी आतून केसांनी भरलेली असते. त्यात शिरलेली बारीक माशी बाहेर येऊ शकत नाही. फूल जुने झाले की केस सुकतात आणि परागांची ओझी अंगावर घेऊन माशी सुटते. महाराष्ट्रात या कुळातल्या कित्येक जाती अगदी मोजक्या डोंगरांवर उरल्या आहेत, आणि त्यांना वाचवण्याचे मोठे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्री. रा. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले. म्हणजे विद्यापीठाच्या आवारात असे काम होऊ शकते, याला महाराष्ट्रातच दाखला आहे.

आता या माळावर खड्डे घेतले की काय होते? मुरूम फोडून जिथे खड्डा घेतला तिथला कंद गेला. त्यात कडुनिंब, गुलमोहर किंवा गिरिपुष्प लावले, टँकरने पाणी घातले, ते जगले, तर सावली पडली आणि सावलीत उन्हाचे गवत गेले. जगले नाही, तर पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा रोप आणि पुन्हा फोटो. २०१९च्या पावसाळ्यात राज्य सरकारने ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठरवले होते. किती लावली याचे आकडे सगळ्यांनी वाचले, कुठे लावली याची चर्चा फारच थोड्यांनी केली. गिरिपुष्प तर डोंगरच्या डोंगर व्यापून बसले आहे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, ते भराभर वाढते, आणि लक्ष्य पूर्ण करणाऱ्याला आणखी काय हवे? दरवर्षी मार्चमध्ये त्याला गुलाबी फुले येतात तेव्हा लोक खूश होतात. शेजारीच पळस फुललेला असतो. त्यावर मैना, कोतवाल, शिंजीर, बुलबुल यांची जत्रा भरलेली असते. दोन्ही झाडांखाली अर्धा-अर्धा तास उभे राहून कुठे कोण येते ते पाहा आणि मग माझ्याशी वाद घाला.

झाडांशी माझे वैर नाही. इमारतींच्या भोवती, रस्त्यांच्या कडेला, नाल्याच्या काठी झाडे हवीतच, आणि वड, पिंपळ, करंज, कडुनिंब हवेत. नागसेनवनात झाडे लावली गेली म्हणून तर तिथे आज चालवते. आक्षेप एवढाच की गवताचा माळ रिकामा समजून भरून काढू नये. सरकारी कागदांतही हीच दृष्टी आहे. देशातल्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी माळ आणि चराऊ कुरणे बिनदिक्कत पडीक म्हणून रंगवली जातात. त्याचा परिणाम आपण माळढोकाच्या बाबतीत भोगला. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. तरीही भोवतीचे माळ नांगरले गेले, त्यांवर झाडे लावली गेली, विजेच्या तारा ओढल्या गेल्या आणि पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला.

आता मी माझ्या आवडत्या भागाकडे येतो, म्हणजे बुरशीकडे. सभागृहात काही चेहरे वाकडे झालेले मला दिसतात. बुरशी म्हटले की शिळी पोळी आठवते. पण महाराष्ट्रात बुरशीचा अभ्यास कुठे कसा झाला याचा इतिहास कोणी लिहिला, तर त्यात आपल्या गावाचे एक प्रकरण असेल, आणि गावातल्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. टी. टिळक होते. आधी त्यांनी या भागातल्या सूक्ष्म बुरशींच्या जाती गोळा केल्या, त्यांची वर्णने छापली. वाळलेल्या काटक्या, गळालेली पाने, शेण यांवरची, भिंगाशिवाय न दिसणारी ही मंडळी. मग त्यांचे लक्ष हवेकडे गेले. बुरशीचे बीजाणू हवेतून जातात. ज्वारीवरची काणी, भुईमुगावरचा टिक्का, दम्याच्या रोग्याची धाप, या सगळ्यांचा माग हवेत आहे. पण हवा मोजायची कशी? परदेशी यंत्रे महाग. १९७०च्या सुमारास टिळक आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी यांनी एक साधे यंत्र बनवले. एक पेटी, आत सावकाश फिरणारा दंडगोल, त्यावर चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी, आणि ठरावीक गतीने आत ओढली जाणारी हवा. आठ दिवस यंत्र सलग चालते. मग पट्टी सोडवून, तुकडे करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी कोणते बीजाणू आणि कोणते परागकण हवेत होते, ते त्या पट्टीवर लिहिलेले असते. जगाच्या शास्त्रीय साहित्यात हे यंत्र ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून नोंदलेले आहे. १९८०मध्ये भारतीय एअरोबायॉलॉजी संघटना उभी राहिली, तिच्यामागेही टिळकच होते.

हेच काम ते अजिंठा-वेरूळला घेऊन गेले. लेण्यांच्या आतली हवा आणि बाहेरची हवा यांत काय फरक आहे, चित्रांवर बसणारी बुरशी कुठून येते, हा प्रश्न होता. रंगीत चित्रांखाली मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस आहे, गवत आहे, तंतू आहेत. बुरशीच्या दृष्टीने ते ताटात वाढलेले जेवणच. पावसाळ्यात बाहेरचा ओलावा, आत माणसांच्या झुंडी आणि त्यांचे श्वास, यांची भर पडली की बुरशीला कारण मिळते. कलेचा इतिहास सांगणारे आपल्याकडे भरपूर आहेत, पण कलेवर वाढणारी बुरशी मोजणारा माणूस याच गावात, याच माळावरून येत-जात होता.

त्याच विभागाची पुढची कडी याहून मजेशीर आहे. पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि आपल्या विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले. त्यांचा लेख २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे कीटकांनी फार नुकसान केले. वेरूळच्या गिलाव्यात ती आहे आणि तिथे तसा उपद्रव दिसत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला कोणते झाड किडीला नकोसे आहे ते माहीत होते, असा त्यांचा निष्कर्ष. गिलाव्याच्या कणात अडकलेला तंतू कोणत्या झाडाचा हे सांगता आले, कारण ताजी झाडे हाताळलेला माणूस तिथे होता.

पावसाळ्यात आवारातली बुरशी पाहायला मात्र यंत्र लागत नाही. दोन चांगले पाऊस झाले, मग कडक ऊन पडले, की वारुळांच्या आसपास छत्र्या उगवतात. ही वाळवी लाकूडकाडी एकटीने पचवू शकत नाही. ती त्याचा लगदा करून जमिनीखाली बुरशीचे मळे लावते आणि बुरशीने मऊ केलेले अन्न खाते. वारूळ मोडणे म्हणजे चालती शेती मोडणे. कोरड्या वारुळाच्या माथ्यावर कधी लांब देठाची, न उघडलेल्या टोपीसारखी एक पांढरट छत्री दिसते. आत काळी भुकटी भरलेली. ही आपल्यासारख्या कोरड्या मुलखाची बुरशी, सह्याद्रीच्या ओल्या जंगलात तिचे काम नाही. जुन्या गुलमोहराच्या बुंध्याशी जमिनीलगत तांबूस-तपकिरी, वार्निश दिल्यासारखी कडक फळी दिसली, तर समजावे की मुळे आतून कुजत आहेत. ते झाड पुढच्या वादळात कुणाच्या तरी मोटारीवर पडणार आहे. पायवाटेवरची ही एक नोंद आवाराची देखभाल करणाऱ्याला पैशांत मोजता येईल अशी आहे.

इथे एक इशारा मला दिलाच पाहिजे. छत्री दिसली म्हणून तोडून घरी भाजीला नेऊ नका. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या खात आली त्यांनाच त्यातली ओळख असते, आणि त्यांच्याही घरी विषबाधा होतात. पाहा, हुंगा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा.

आपण सगळे एक बुरशी मात्र निर्धास्त खातो. आपल्या काळ्या मसाल्यात दगडफूल असते. बाजारात जे येते ते डोंगरांतल्या झाडांच्या सालींवरून येते. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार. बुरशी घर देते, शेवाळ उन्हावर अन्न शिजवते. त्याचे गरीब नातलग आपल्या खडकांवर राखाडी-हिरव्या-पिवळ्या डागांच्या रूपाने चिकटलेले असतात. दूषित हवा त्यांना सोसत नाही. रहदारीच्या रस्त्याकडेच्या झाडाची साल आणि डोंगराकडच्या झाडाची साल शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तर हवेचा हिशेब कळतो. बारावीच्या मुलांना याहून स्वस्त प्रकल्प कोण देईल?

प्राण्यांबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण मोठ्या प्राण्यांना प्रसिद्धी आपोआप मिळते. डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला, तेव्हा सगळे शहर गच्चीवर होते. मोर ओरडतो, नाग निघतो, त्याचीही बातमी होते. माझी विनंती मुंग्यांकडे पाहा अशी आहे. गवताचे बी गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या बिळाभोवती फोलपटांचा गोल पडलेला असतो. एका जातीच्या बिळाभोवती मातीच्या कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या रचलेल्या असतात. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यात पाहिले, की पावसाने भिजलेले बी मुंग्या बाहेर काढून उन्हात वाळत घालतात. त्याने ते छापले आणि युरोपातल्या विद्वानांत त्याची चर्चा झाली. ते पाहायला आजही तिकीट नाही. पाऊस उघडल्यावर सकाळी खाली वाकावे लागते एवढेच.

तसेच रुईचे. रुई म्हणजे कचऱ्याचे झुडूप अशी समजूत आहे, मारुतीला हार हवा असेल तेवढ्यापुरती तिची आठवण. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते. सुरवंट तिचा विषारी चीक पचवून स्वतः कडू होतो, पक्षी त्याला सोडून देतात. मग छोटा चांदवा नावाच्या, स्वतः कडू नसलेल्या फुलपाखराची मादी नेमका त्याच रंगाचा वेश घेऊन मिरवते आणि फुकटात जीव वाचवते. आवारातली रुई कापली की हे सगळे नाटक बंद.

गाजरगवत मात्र खुशाल उपटा, हातमोजे घालून. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता ते देशभर आहे. त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेले, १९८०च्या दशकात भारतात सोडले गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठातून ते शेतकऱ्यांना मिळतात. तेवढी मदत घ्यावी. घाणेरी आणि वेडी बाभूळ यांच्यासाठी मात्र कुदळीला पर्याय नाही.

आता ज्ञानाचा प्रश्न. या माळावर काय आहे हे कोण सांगणार? एक वाट ग्रंथालयात जाते. प्रा. व्ही. एन. नाईक आणि सहकाऱ्यांनी आयुष्य घालून मराठवाड्याच्या वनस्पतींची नोंद केली. तो ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ मध्ये दोन खंडांत याच शहरातून प्रसिद्ध झाला. दुसरी वाट आवाराच्या कुंपणापाशी उभी असते. श्रावणात विळा घेऊन येणाऱ्या बायकांना तांदुळजा, पाथरी, कुंजीर, केना, घोळ, टाकळा, कुरडू हे कोवळे केव्हा आणि निबर केव्हा, हे माहीत असते. हरतालिकेच्या आदल्या दिवशी पत्री काढायला येणाऱ्यांना आघाडा कुठे दाट आहे ते अंधारातही सांगता येते. गुराख्याला कोणते गवत जनावर आधी खाते ते कळते. त्यांना सुरक्षारक्षक हाकलतो आणि आतल्या मुलांना परीक्षेसाठी लॅटिन नावे पाठ करावी लागतात. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही करायला सांगितले आहे. एखाद्या विद्यापीठाने आपल्या आवाराची नोंदवही ठेवली, तीत ग्रंथातली नावे आणि या बायकांची नावे एकाच ओळीत लिहिली, तर पीएचडीचे बरेच प्रबंध तिच्यापुढे फिके पडतील.

यासाठी मी संस्थाचालकांकडे निधी मागत नाही. तीन गोष्टी न करण्याची विनंती आहे, आणि न करायला पैसे लागत नाहीत. गवत दिवाळीपर्यंत, म्हणजे बी पडेपर्यंत, कापू नका. परदेशी पाहुणे येणार असले तरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सफाईच्या नावाखाली वाळले गवत पेटवू नका. तितर, लावा, चंडोल यांचे संसार जमिनीवरच असतात, आणि तीच आग वाऱ्यावर डोंगरात चढते. आणि डोंगराकडचा माळ वृक्षारोपणातून वगळा. पाहुण्यांच्या हातून रोप लावायचेच असेल तर पार्किंगच्या कडेला लावा. तिथे त्याची खरोखर गरज आहे.

विद्यार्थ्यांना वेगळे सांगतो. तुमच्या खिशात कॅमेरा आहे, आमच्या वेळी तो सबंध विभागात एक असे आणि त्याची किल्ली शिपायाकडे. पण फोटोखाली तारीख, जागा आणि त्या दिवशी पाऊस पडला होता की नाही, हे लिहिल्याशिवाय तो फोटो नोंद होत नाही. एक झाड निवडा, फार तर पळस. त्याला पहिली कळी कोणत्या तारखेला आली, पहिला पक्षी कोणता बसला, शेंगा केव्हा सुटल्या, नवी पाने केव्हा आली, हे लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. तुम्ही पदवी घेऊन गेलात की वही खालच्या वर्गाकडे द्या. बदलत्या हवामानावर आपण परिषदा भरवतो, पण आपल्या आवारातला पळस वीस वर्षांपूर्वी कोणत्या आठवड्यात फुलला होता याचा कागद कुठल्या कपाटात सापडेल, ते परिषदेतल्या वक्त्यांना एकदा विचारून पाहा.

आणि येत्या जूनमध्ये आवारात खड्ड्यांची आखणी करायला चुना घेऊन कुणी आले, तर त्यांना नम्रपणे थांबवा. या जागेवर आधी काय उगवते ते एक वर्ष पाहून लिहून ठेवू द्या, मग काय ते ठरवा, असा अर्ज प्राचार्यांकडे किंवा कुलसचिवांकडे द्या आणि त्यावर जितक्या सह्या मिळतील तितक्या घ्या. पहिली सही माझी घ्या.